डब्याखालची झोळी

घंगाळाला चिंच लावून मी ते घासत होते, आणि डब्याला धक्का बसला. फार मोठा नाही. फळीवरची ताटं एकमेकांवर वाजली, खिळ्याला अडकवलेली चाळणी हलली आणि थांबली. हातातला काथ्या तसाच धरून मी कान दिला.

इंजिन आमच्या डब्याला शिवणं शक्यच नव्हतं. बाहेर डब्याच्या तोंडाशी बांबूला लाल झेंडी बांधलेली असायची. झेंडी असेपर्यंत डब्याला कुणी हात लावायचा नाही, हा रेल्वेचा नियम, आणि आमच्या घरात तो आरतीच्या आधी पाठ व्हायचा. पलीकडच्या रुळावर काही तरी आदळलं असेल, असं मनाला सांगून मी पुन्हा घासायला लागले.

मग दुसरा धक्का बसला आणि माझं घासणं थांबलं. कारण डब्याच्या खाली, चाकांच्या मधल्या सावलीत, माझा आठ महिन्यांचा नाथा झोळीत निजला होता. त्याच्याजवळ माझे सासरे बसले होते, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

आमचं घर म्हणजे मालगाडीचा एक जुना डबा. रेल्वेचे लोखंडी पूल दुरुस्त करणाऱ्या टोळीत माझे यजमान होते. एका पुलाचं काम संपलं की इंजिन यायचं, आमच्या घराला साखळी लावायचं आणि ओढत पुढच्या पुलापाशी नेऊन एखाद्या लहानशा स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर सोडून द्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडायला उंबरा नव्हता. लोखंडी शिडी होती. तिच्यावरून माप गडगडत खाली गेलं आणि सगळे तांदूळ खडीत सांडले. माहेरी पत्र टाकलं तर पत्त्यात स्टेशनाचं नाव, आणि उत्तर येईपर्यंत आमचं घर दुसऱ्याच स्टेशनात. देव्हारा पूर्वेकडे तोंड करून ठोकलेला होता, पण रूळ वळले की देव दक्षिणेकडे बघायला लागत. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "देवाला दिशा कळतात. तू तुझं बघ."

डब्याचं छप्पर पत्र्याचं. दिवसा आत बसलं की भाजून निघायला व्हायचं. म्हणून दुपारचा सगळा संसार डब्याखाली चाले. धान्य निवडणं, पत्ते, वेणीफणी, सगळं दोन चाकांच्या मध्ये. पोरांच्या झोळ्यासुद्धा डब्याच्या बुडाच्या लोखंडी तुळईलाच बांधायच्या. परक्या माणसाला हे बघून कापरं भरायचं. आम्हाला काही वाटत नसे. झेंडी होती ना.

घट बसायला दोन दिवस राहिले होते. नवरात्राच्या आधी घरात मळकी चिंधीसुद्धा राहता कामा नये, असा सासूबाईंचा दंडक. सकाळीच त्यांनी गोधड्या, चादरी, धोतरं, सासऱ्यांचं मुंडासं, सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि टोळीतल्या इतर बायकांना घेऊन नदीवर गेल्या. टोळीचे बाप्ये पुलावर. डब्यात मी आणि भांड्यांचा ढीग, डब्याखाली आजा आणि नातू.

जाताना सासूबाईंनी झोळीचं तोंड वरून सुतळीनं आवळून बांधलं होतं. नाथा नुकताच झोळीत उभा राहायला शिकला होता, दोनदा खाली तोंडावर पडला होता. "आता बघते कसा भाईर येतू त्ये," म्हणत त्यांनी बारीक बारीक गाठी मारल्या. झोळी खालीच बांधलेली होती, म्हाताऱ्याला बसल्या बसल्या झोका देता यावा म्हणून. तिचं बूड खडीला टेकायला वीतभर उरलेलं.

सासऱ्यांचं नाव भागोजी मिस्त्री. जन्मभर पुलांवर तापलेले रिवेट ठोकले, त्यात कान गेले. हाताची बोटंही गेलीच म्हणायची, होती पण वळत नव्हती. अंगरख्याचं बटणसुद्धा सासूबाई लावून देत. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बसायचं, म्हणजे ते आपल्या ओठांवरून ओळखत.

दुसऱ्या धक्क्याला घंगाळ माझ्या हातातून निसटलं. मी मोरीतच बसले होते. आमच्या मोरीला जमिनीत एक भोक होतं, सांडपाणी खाली रुळात जाण्यासाठी. मी आडवी होऊन त्या भोकाला डोळा लावला.

खाली सासऱ्यांचे हात दिसले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण धक्का अंगाला कळला असणार. ते गुडघ्यावर आले होते आणि झोळीच्या तोंडाच्या सुतळीशी त्यांची बोटं झटापट करत होती. गाठ धरायला जात आणि बोटं घसरत.

"मामंजी! मामंजी, बाहेर या!" मी भोकात तोंड घालून ओरडले. बहिऱ्या माणसाला हाका मारतेय हे कळत होतं, तरी मारतच होते. तांब्याभर पाणी भोकात ओतलं. त्यांनी वर बघितलं. तेवढ्याशा भोकातून त्यांना माझं काय दिसणार? एखादा डोळा. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा सुतळीला भिडले.

मी उठले आणि दाराशी धावले. दारातून समोरचं सगळं दिसलं. टोळीचे बाकीचे डबे पलीकडच्या रुळावर होते. आमच्या पुढे आमच्याच रुळावर दोन रिकामे डबे कालपासून उभे होते, त्यांना न्यायला इंजिन आलं होतं. डबे जोडणारा शंटर आमच्या डब्याच्या आणि रिकाम्या डब्याच्या मधून बाहेर आला, म्हणजे साखळी आमच्याही डब्याला लागली होती. आमचा मुक्काम हलणार ही वर्दी स्टेशनात येऊन पडलीच होती, दिवस तेवढा ठरायचा होता. बांबू जागेवर होता. बांबूला झेंडी नव्हती.

नदीच्या उतरणीवर बाभळींवर धुणं वाळत घातलेलं दिसत होतं. गोधड्या, पांढरी धोतरं, आणि सगळ्यांच्या वर, छान ताणून पसरलेली, आमची लाल झेंडी.

"अहो! थांबा! खाली पोर आहे!" मी दाराची कडी धरून बाहेर लोंबकळत ओरडले. इंजिननं त्याच वेळी वाफ सोडली. शंटर माझ्याकडे पाठ करून चालत होता. त्याने हिरवी झेंडी वर केली.

शिडीवर पाय टाकायला मी वाकले आणि डबा हलला. मी मागे आपटले. डोकं दाराच्या लोखंडाला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. फळीवरची ताटं धडाधड खाली आली. मी गुडघ्यांवर सरकत पुन्हा मोरीपाशी गेले आणि भोकातून बघितलं.

स्लीपर सरकत होते. एक, मग दुसरा, मग तिसरा. खडी आणि लाकूड, खडी आणि लाकूड. सासरे नव्हते. झोळीही दिसेना.

आणि मग खालून नाथाचं रडणं ऐकू आलं.

मी जन्मात पुष्कळ भ्याले आहे, पण त्या रडण्यानं जशी भ्याले तशी कधी नाही. घर चाललं होतं आणि माझ्या पायांखालच्या फळ्यांच्या पलीकडून माझं लेकरू रडत होतं, माझ्याबरोबर येत होतं. म्हणजे झोळी अजून तुळईला होती. म्हणजे तो एकटाच लटकत होता. म्हणजे सासऱ्यांनी त्याला सोडलं होतं, किंवा सासरे चाकाखाली गेले होते. मी दोन्ही तळहात फळ्यांवर दाबून धरले. जसं काही त्यानं झोळी पडायची थांबणार होती.

उडी मारावी? मारली तर मी बाहेर आणि तो चालत्या डब्याखाली. चाकांमधून आत शिरायचं कसं? आत राहावं तर त्याला हात लावता येत नाही. दारापर्यंत जायची आणि परत यायची. तोंडातून नुसतं "नाथा, नाथा" निघत होतं. तो रडत होता तोवर तो होता, एवढंच कळत होतं.

मग मला सांधा आठवला.

बाजूचा रूळ मोठ्या रुळाला मिळतो तिथं सांधा असतो. तिथं रुळांच्या मध्ये लोखंडी कांबी आणि पट्ट्या वर आलेल्या असतात. मागल्या वर्षी एका मुक्कामाहून निघताना शेजारच्या डब्याखाली कोंबड्यांची पाटी बांधलेली राहिली होती. गाडी सांध्यावरून गेली आणि पाटी तिथेच राहिली. बायका धावत बघायला गेल्या होत्या, मीही गेले होते. ते काय दिसलं ते मी सांगणार नाही.

आमची झोळी त्या पाटीपेक्षा खाली होती.

सांधा समोर दिसत होता, त्याच्याजवळ सांधेवाल्याची टपरी. मी ओरडले. इंजिनच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येईना. हाताला घंगाळ लागलं, ते उचललं आणि दारातून भिरकावलं. मग हंडा. मग कळशी, ताटं, तांबे, पितळी डबे, देवाची समई. सकाळपासून घासून चकाकवलेली सगळी भांडी मी रुळाशेजारी फेकत सुटले. ती खडीवर आपटून ठणाठणा वाजत उड्या मारत होती. घर चाललंय आणि घरातून भांडी पडताहेत, असं कुणी कधी पाहिलं नसेल. टपरीतून सांधेवाला बाहेर आला, तोंड वासून बघत राहिला.

"पोर! खाली पोर!" मी हातानं खाली दाखवलं, मग दोन्ही हातांनी झोका दिल्यासारखं केलं.

त्याला कळलं. त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि रुळाकडे धावत सुटला.

नेमकं तेव्हाच खालचं रडणं बंद झालं.

थांबलं नाही, हळू झालं नाही. बंद झालं. मी फळ्यांवर पालथी पडून कान लावला. चाकांचा खडखडाट, साखळ्यांचा आवाज, बाकी काही नाही. आणि मग चाकांचा आवाज बदलला, खटखट, खटखट, म्हणजे आमचा डबा सांध्यावर होता. मी कानांवर हात ठेवले. मला ते ऐकायचं नव्हतं.

ब्रेक लागले. डबा करकरला, पुढे मागे हिसके खाऊन थांबला.

मी उडी मारली. पाय मुरगळला हे नंतर कळलं. दोन चाकांच्या मधून आत शिरले आणि झोळी जिथं असायला हवी तिथं बघितलं. तिथं काही नव्हतं. तुळईखाली मोकळी हवा, खाली खडी, खडीवर काही नाही. मागच्या रुळाकडे बघायचं धाडस होईना.

"बाई, वर बघा! वर!" सांधेवाला पलीकडून वाकून ओरडत होता.

झोळी वर होती. डब्याच्या बुडाला पार चिकटलेली. कुणी तरी सगळी झोळी बाळासकट वर उचलून, तिच्या पोटाखालून पंचा घालून, तो तुळईवरून घेऊन दोनदा आवळून बांधली होती. भांडं कापडात बांधून शिंकाळ्यात ठेवावं तशी. झोळीच्या कापडातून एक चिमुकला पाय बाहेर आला होता आणि तो हलत होता.

गाठ मला सुटेना. दातांनीही सुटेना. गार्ड धावत आला होता, त्याने चाकू काढून पंचा कापला आणि नाथा माझ्या पदरात आला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पंचाचं एक टोक त्याच्या तोंडात होतं आणि तो ते डोळे मोठे करून चोखत होता. म्हणून रडणं बंद झालं होतं! मी त्याला छातीशी धरलं आणि रुळातच बसले. मला रडताही येईना.

"झेंडी न्हवती, बाई," शंटर म्हणत होता. "देवाशपथ न्हवती. मला वाटलं, तुमची निघायची तयारी झाली. म्या काय करू?"

गार्ड हातातल्या कापलेल्या पंचाकडे बघत होता. "हे बांधलं कुणी?"

"सासऱ्यांनी."

"खाली बसून? धक्का लागल्यावर?" त्याने पंचा उलटा सुलटा केला. "अहो, एवढं बांधेपर्यंत माणूस आरामात बाहेर आला असता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारीक गाठी त्यांच्या बोटांना सुटणार नव्हत्या. पोराला काढून घेणं जमणार नव्हतं. झोळी डब्याबरोबर जाणार आणि पुढे सांधा आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? उरलेला वेळ एकाच कामाला पुरणार होता, आणि स्वतः बाहेर पडण्याचं काम त्यांनी घेतलं नव्हतं.

"मामंजी कुठंयत?" मी विचारलं. सगळे मागच्या रुळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. नदीवरून धावत, लुगडं भिजलेलं, अनवाणी. नाथाला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग इकडेतिकडे बघितलं.

"अन् ह्ये?"

मी मान हलवली. सासूबाईंनी आपले ओले हात बघितले. "म्या धुतली गं झेंडी," त्या म्हणाल्या. "देवी यायची म्हून म्या माज्या हातानं धुतली. तू जा. तू बघ. मला बघवायचं न्हाई."

"पोराला इकडं द्या, बाई," गार्ड म्हणाला. पण मी तेव्हा नाथाला देवाच्याही हातात दिलं नसतं. त्याला घेऊन लंगडत निघाले. वाटेत रुळाच्या दोन्ही बाजूंना माझी भांडी पडली होती. ऊन मी म्हणत होतं. पुढे रुळांच्या मध्ये काही तरी पांढरं दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं. माझी पावलं आपोआप हळू झाली. एवढा वेळ पोरासाठी जीव काढला होता, आता पुन्हा काढायचं बळ नव्हतं.

सासरे रुळांच्या मध्ये पालथे पडले होते. तोंड खडीत, दोन्ही हात अंगाखाली. डब्याच्या खालच्या कसल्या तरी लोखंडानं अंगरखा मानेपासून कमरेपर्यंत फाडला होता आणि पाठीवर रक्ताची लांब रेघ होती. मी वाकले. पाठ वर खाली होत होती.

"मामंजी!" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली. मग त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, अंग आणखी आखडून घेतलं. मी त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं. कपाळात, गालात खडीचे खडे रुतले होते. डोळे घट्ट मिटलेले.

"सूनबाई, तूच हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं. "सांगू नगंस मला. म्या डोळं उघडत न्हाई."

"आहे, मामंजी! नाथा आहे! हे बघा ना!"

"बोटं न्हाई चालली," ते म्हणाले. "सुतळी सुटंना. मंग पंचा बांदला. पर गाठ बसली का न्हाई, त्ये बगाया येळच न्हाई गावला. समदं घर वरनं ग्येलं." ते थांबेनात. "लई डाव गाठी मारल्या म्या. पर आज हात थरथरत व्हते. सांगू नगंस."

कानांना ऐकू येत नाही आणि डोळे उघडायचे नाहीत. आता या माणसाला सांगायचं कसं? मी त्यांच्या पापण्यांवर बोट ठेवलं तर त्यांनी तोंड पुन्हा खडीत खुपसलं. नाथाला खडीवर ठेवून मी त्यांना गदागदा हलवलं. ते लहान मुलासारखं "नगं, नगं" म्हणायला लागले. ते खरं कळण्याला एवढे भ्याले होते की डबा अंगावरून जातानासुद्धा भ्याले नसतील.

या ओढाताणीत नाथाला खडीचा चटका बसला असावा, किंवा त्याचा पंचा तिकडे राहिल्याचं त्याला आठवलं असावं. त्याने भोकाड पसरलं. असलं की स्टेशनातली माणसं आमच्याकडे धावत यायला लागली. मी सासऱ्यांचा एक हात त्यांच्या अंगाखालून ओढून काढला. तो राठ, न वळणारा पंजा नाथाच्या छातीवर ठेवला आणि माझ्या दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांनी हात मागे घ्यायला हिसका दिला. मी सोडला नाही.

नाथा सगळ्या अंगानं रडत होता. छाती भात्यासारखी वर खाली होत होती, आणि प्रत्येक किंकाळीला तो म्हातारा पंजा थरारत होता.

हाताचा हिसका थांबला. बोटं, जेवढी पसरता येत होती तेवढी, त्याच्या छातीवर पसरली.

"आगं, त्येला घे की उरावर, किती रडतंय!" मागून कुणी तरी बाई म्हणाली. मी नाथाला उचलायला वाकले, तसा सासऱ्यांचा हात त्याच्यावर घट्ट बसला.

"रडतूया," मामंजी म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. "रडू दे त्येला, सूनबाई. गप करू नगंस."